न पाहिलेल्या मोटारीचा सौदा

घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बाजारात बैल घ्यावयास गेलेला शेतकरी जनावराचे दात पाहिल्यावाचून इसार देत नाही. तो बैल चालवून पाहतो, खांदा चाचपतो, खोड कोणती म्हणून चार जणांस विचारतो. हाच चाणाक्ष गृहस्थ उसाचे बिल हाती पडताच मोबाईलवरील चार छायाचित्रांच्या भरवशावर दिल्लीच्या मोटारीसाठी परक्याच्या खात्यात हजारो रुपये भरून मोकळा होतो, हे आजच्या काळाचे विलक्षण चित्र आहे. त्याची हेटाळणी करणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. नवी मोटार आवाक्याबाहेर गेली असता स्वस्त मोटारीचा मोह पडणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

दिल्लीची मोटार स्वस्त का, हे मात्र त्याने आधी समजून घ्यावे. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींस राष्ट्रीय हरित लवादाने राजधानीत मनाई केली व 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. 2025 साली तीत फेरफार झाले खरे. तथापि मुदत जवळ आली की मोटार परप्रांती काढून टाकण्याची रीत पडून गेली आहे. अशी प्रत्येक मोटार वाईट असते असे नाही. परंतु ती महाराष्ट्रात आणून बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची, तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणावा लागतो, येथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि मोटारीच्या वयानुसार करही भरावा लागतो. हा खर्च मिळविला म्हणजे स्वस्ताई बरीचशी विरघळते.

याहून गंभीर प्रकार तोतया जवानांचा. ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, मोटार तातडीने विकावयाची आहे’ असे सांगून ओळखपत्राचे व गणवेशातील छायाचित्र धाडावयाचे, आणि लष्करी वाहतुकीने मोटार पोहोचविण्याच्या नावाखाली आधी थोडी, मग अधिक रक्कम उकळावयाची, ही युक्ती देशभर पोलिसांच्या परिचयाची झाली आहे. चिलखती दलाचे केंद्र ज्या शहरात आहे, जेथे गणवेशास आदराने वाट दिली जाते, त्या अहिल्यानगरात ही थाप अधिक सहज पचावी यात नवल नाही. लष्कर कोणाचीही खासगी मोटार गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचवीत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ. उलट बाजूस विकणाराही फसतो. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त पिन कधीच द्यावा लागत नाही; तो मागितला की समोरचा पैसे देणारा नसून नेणारा आहे.

तेव्हा दूरच्या मोटारीसाठी स्वतः जावे, अथवा त्या गावचा भरवशाचा मिस्त्री पाठवावा. दीड-दोन हजारांचा हा खर्च वाया जात नाही. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, स्टेपनीखालची जागा तपासावी. महापुरात बुडालेल्या मोटारीचा गाळ तेथे सापडतो. डिसेंबर 2015 मध्ये चेन्नईत बुडालेल्या मोटारी दुरुस्त होऊन दूरदूरच्या बाजारांत गेल्या होत्या. चेसिसवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी व ‘वाहन’ या सरकारी नोंदीशी जुळतो की नाही, हे तर पाहिलेच पाहिजे. चोरीचा माल विकणाऱ्यास जी मालकी नाही ती घेणाऱ्यास मिळत नाही, हे 1930 च्या मालविक्री कायद्याचे तत्त्व आहे. आणि ऑनलाइन फसवणुकीची तक्रार नोंदविण्याचा दूरध्वनी क्रमांकही 1930 च असावा, हा योगायोग लक्षात ठेवण्यास सोयीचा आहे. तेथे तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत गोठविली जाण्याची आशा अधिक. कर्ज फिटले असले तरी बँकेचा बोजा पुस्तकावरून उतरला आहे काय, हेही विचारावे.

विकणाऱ्याने ‘पैसे मिळाले, विषय संपला’ असे समजू नये. मालकी बदलल्याची खबर राज्यांतर्गत विक्रीत चौदा दिवसांत देण्याचे बंधन मोटार वाहन कायद्याने त्याच्यावर घातले आहे. 2018 साली नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, मोटार कितीही हातांतून गेली तरी अपघाताची भरपाई दप्तरी ज्याचे नाव त्याच्याकडे येते. कोऱ्या अर्जांवर सह्या करून दलालाच्या हवाली करणाऱ्या कितीकांस या निर्णयाची वार्ताही नसेल.

हे सारे सामान्य माणसाच्या सावधगिरीवर सोडून सरकारने स्वस्थ बसावे हे आम्हांस मान्य नाही. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांस अधिकृत प्रमाणपत्र घेण्याची सक्ती करणारे नियम केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये काढले व ते एप्रिल 2023 पासून लागू केले. अशा प्रमाणपत्रधारक व्यापाऱ्यांची यादी अहिल्यानगर व श्रीरामपूर येथील परिवहन कार्यालयांनी आपल्या दारावर ठळक अक्षरांत लावावी. त्यास एका कागदाहून अधिक खर्च येणार नाही.