बरं वाटतंय, मग पुन्हा एमआरआय कशाला?



गेल्या महिन्यात माझ्या मामेभावाची बायको घरी आली. म्हणाली, "बाजी, यांना आता बरं वाटतंय. खाज कमी आहे, डोळेही पिवळे नाहीत. मग डॉक्टर वर्षाने पुन्हा एमआरआय करा का म्हणतात? एवढा खर्च!"

प्रश्न रास्त होता. हा भाऊ पस्तिशीचा. आधी आतड्याच्या सुजेचा जुना त्रास. मग अंगाला खाज सुरू झाली. ती कातडीची समजून मलमे लावली. दोनदा कावीळ झाली तेव्हा मोठ्यांनी माळ घालून ती उतरवली. कावीळ ओसरली, माळेचे नाव झाले. तिसऱ्यांदा थंडी वाजून ताप आला, तेव्हा कुठे आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो.

आपले यकृत पित्त तयार करते. ते बारीक नळ्यांतून आतड्यात उतरते. भावाच्या आजारात या नळ्यांना आतून सूज येते, व्रण पडतात आणि त्या जागोजागी अरुंद होतात. पित्त अडते, रक्तात मिसळते, म्हणून खाज आणि कावीळ. डॉक्टर याला पीएससी म्हणतात. अर्थात प्रत्येक कावीळ अशी नसते. पुष्कळदा ती विषाणूमुळे किंवा खड्यांमुळे होते. म्हणूनच कारण शोधायला हवे.

पूर्वी या नळ्या नीट पाहायच्या तर तोंडावाटे दुर्बीण घालून आत औषध सोडावे लागे. त्यात काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. १९९१ च्या सुमारास एमआरसीपी ही पद्धत आली. हा एमआरआयचाच प्रकार. यात साचलेले द्रव चित्रात पांढरेशुभ्र उमटते, त्यामुळे पित्ताच्या नळ्यांचे झाडच दिसते. शरीरात काही घालावे लागत नाही आणि एक्स-रेचे किरणही नसतात. दुर्बीण आता मुख्यतः अरुंद जागा फुग्याने रुंद करायला वापरतात.

भावाच्या चित्रात नळ्या कुठे बारीक, कुठे फुगलेल्या, तसबीहच्या मण्यांसारख्या दिसल्या. आजार कळला तो तिथे.

आता तंत्र आणखी पुढे गेले आहे. एमआरआयच्याच एका प्रकाराने यकृत किती कडक झाले ते मोजता येते. एक खास औषध शिरेतून दिले की ते यकृताच्या पेशी उचलतात आणि पित्तात सोडतात. त्यावरून यकृत कसे काम करते आणि पित्त कुठे अडते, याचा अंदाज येतो. नळ्यांची रुंदी संगणकाने मोजण्याची सोयही आली आहे.

पण वहिनीच्या प्रश्नाचे उत्तर यापुढे आहे. हा आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही आणि तो रोग्याला न जाणवता पुढे सरकतो. पित्तनलिकेच्या कर्करोगाचा धोकाही यात वाढतो. एका चित्रावरून आजची स्थिती कळते. गेल्या वर्षीचे चित्र शेजारी ठेवले तरच आजार किती सरकला ते कळते. म्हणून जुन्या फिल्म, सीडी आणि रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत तारखेनुसार ठेवा.

तपासणीआधी साधारण चार तास काही खाऊ-पिऊ नये. अंगावरचा धातू काढावा लागतो: बांगड्या, नथ, स्कार्फची पिन, तांब्याचा किंवा चांदीचा ताविज, जरीची ओढणीसुद्धा. पेसमेकर किंवा जुन्या ऑपरेशनची क्लिप असेल तर आधीच सांगा. महिलांनी पडद्याची अडचण आधी कळवावी, महिला कर्मचारी मागावी. यात संकोच नको. यंत्र मोठा आवाज करते, मध्ये श्वास रोखायला सांगतात, एवढेच.

लक्षात ठेवा: न थांबणारी खाज, गडद लघवी, फिकट शौच, वारंवार कावीळ असेल तर डॉक्टरांना पित्तनलिकांबद्दल विचारा. काविळीसोबत थंडी-ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुआ जरूर करावी. शिफा अल्लाहच्या हाती आहे, पण इलाज करणे आपल्या हाती आहे. त्याने तवक्कुल कमी होत नाही.

वहिनी पिशवी घेऊन गेली. ईदनंतरची तारीख मिळाली आहे. इन्शाअल्लाह मीही सोबत जाणार आहे.