फंडाचा पैसा कुणाच्या हाती?

कामगाराच्या घरात ‘फंड’ या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुलीचे लग्न, मुलाची फी, गावाकडच्या घराचे पत्रे, म्हातारपणाचे औषधपाणी, सगळे त्या एका शब्दावर उभे असते. हा पैसा मालकाची बक्षिसी नव्हे, सरकारची मेहेरबानीही नव्हे. तो आपल्याच घामाचा, दरमहा पगारातून कापलेला पैसा आहे. म्हणून तो कुठे गुंतवला जातो हे विचारणे आपला हक्क आहे. अमेरिकेत सध्या याच प्रश्नावर वाद चालू आहे. तो आपणही समजून घेतला पाहिजे.

आधी थोडा इतिहास पाहू. अमेरिकेत पूर्वी अनेक मोठ्या कारखान्यांत मालकाने ठराविक पेन्शन देण्याची पद्धत होती. १९६३ च्या डिसेंबरात साउथ बेंड या गावातील स्टुडबेकर मोटार कारखाना बंद झाला आणि पेन्शनच्या तिजोरीत पुरेसा पैसाच नाही हे उघड झाले. साठी गाठलेल्यांना पेन्शन मिळाले. त्याखालच्या सुमारे ४ हजार कामगारांच्या हाती हक्काच्या रकमेपैकी शंभरातले पंधराच आले, आणि चाळिशीच्या आतल्यांना काहीच मिळाले नाही. या धक्क्यातून पुढे १९७४ साली पेन्शनच्या पैशाचे रक्षण करणारा कायदा झाला. पैसा सांभाळणाऱ्याने केवळ कामगाराचे हित पाहावे, असे बंधन त्यात आहे.

पण १९७८ च्या कर कायद्यातील एका कलमाने वेगळीच वाट उघडली. त्या कलमाच्या क्रमांकावरून तिला ‘४०१-के’ म्हणतात. यात पैसा कामगाराच्या नावावर जमतो, बाजारात गुंतवला जातो, आणि नफा-तोटा कामगाराचा. मालकाने ठराविक पेन्शनची जबाबदारी खांद्यावरून उतरवली आणि जोखीम कामगाराच्या खांद्यावर आली. अशा खात्यांत २०२५ च्या मध्यास सुमारे ९ लाख कोटी डॉलर होते. एवढी मोठी रास पाहून कुणाचीही नजर तिकडे वळणारच.

७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एक आदेश काढला. या खात्यांतील पैसा ‘प्रायव्हेट इक्विटी’सारख्या गुंतवणुकीत जाण्याची वाट सोपी करावी, असे त्यात कामगार खात्याला सांगितले आहे. प्रायव्हेट इक्विटी म्हणजे काय? काही संस्था श्रीमंतांकडून आणि मोठ्या निधींकडून पैसा गोळा करतात, त्यावर कर्ज काढतात, आणि त्यातून अख्ख्या कंपन्या विकत घेतात. काही वर्षे चालवून त्या नफ्याने विकायच्या, हा धंदा. या कंपन्यांचे शेअर बाजारात रोज विकले जात नाहीत.

यात कामगाराला धोका कुठे आहे?

पहिला धोका अडकण्याचा. असा पैसा साधारणपणे दहा वर्षे बांधलेला असतो. श्रीमंत माणूस दहा वर्षे थांबेल. कामगाराची नोकरी उद्या गेली, घरात आजारपण आले, तर तो कसा थांबणार? ठराविक काळाने पैसे काढू देणारे फंड आहेत, पण गर्दी झाली की तेही दार लोटून घेतात. २०२२ च्या अखेरीस ब्लॅकस्टोन या बड्या संस्थेच्या स्थावर मालमत्तेच्या फंडातून पैसे काढायला लोकांची रीघ लागली, तेव्हा महिन्याला फंडाच्या २ टक्क्यांपलीकडे पैसे निघणार नाहीत अशी मर्यादा लागू झाली. नियम आधीपासून कागदावर होता, पण कागद कोण वाचतो?

दुसरा धोका किमतीचा. शेअरचा भाव बाजार ठरवतो. इथे कंपनीची किंमत बहुतेक वेळा फंड चालवणारेच अंदाजाने मांडतात. भाजीवाल्यानेच वजन सांगावे आणि काटा आपण पाहू नये, असा हा व्यवहार.

तिसरा धोका फीचा. या धंद्यातील जुना रिवाज म्हणजे दरवर्षी २ टक्के फी आणि वर नफ्याचा पाचवा हिस्सा. १०० रुपयांवर १२ रुपये मिळाले, तर २ फीत गेले. उरलेल्या १० चा पाचवा हिस्सा २, तोही गेला. हाती आले ८. फरक ४ रुपयांचा दिसतो. पण १ लाखाचे ३० वर्षांत १२ टक्क्यांनी सुमारे ३० लाख होतात, ८ टक्क्यांनी सुमारे १० लाख. बाकीचे कुठे गेले, याचा हिशेब घरातल्या शिकणाऱ्या मुलांकडून करून घ्या.

चौथी गोष्ट मनाला जास्त लागते. ‘टॉइज आर अस’ ही खेळण्यांची मोठी दुकाने २००५ साली तीन गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे ६६० कोटी डॉलरला घेतली. बहुतेक पैसा कर्जाचा होता, आणि ते कर्ज बसले दुकानांच्याच डोक्यावर. नव्या स्पर्धेचा मार होताच, त्यात वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर व्याजाची भर. २०१७ साली दिवाळे निघाले, २०१८ मध्ये अमेरिकेतील दुकाने बंद झाली आणि ३० हजारांहून अधिक कामगार घरी बसले. त्यांनी आंदोलन केले तेव्हा कुठे दोन कोटी डॉलरचा मदतनिधी निघाला. अशा संस्थांकडे शिक्षकांच्या आणि सरकारी नोकरांच्या पेन्शनचाही पैसा असतो. म्हणजे एका कामगाराच्या पैशाने दुसऱ्या कामगाराची भाकरी जाऊ शकते.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेत बाजारात नोंदलेल्या कंपन्या १९९० च्या दशकाच्या मानाने निम्म्याच्या आसपास उरल्या आहेत. वाढ खासगी कंपन्यांत होते, मग तिचा लाभ फक्त श्रीमंतांनाच का, असे समर्थक म्हणतात. काही मोठ्या पेन्शन निधींना यात चांगला नफाही झाला आहे. पण त्यांच्याकडे तज्ज्ञ असतात, वकील असतात, फी कमी करून घेण्याची ताकद असते. एकट्या कामगाराकडे काय असते?

आपल्याकडे काय? भविष्य निर्वाह निधीवर दरवर्षी व्याज जाहीर होते, जोखीम थेट आपल्या खात्यावर येत नाही. मात्र २०१५ पासून नव्या पैशाचा काही भाग शेअर बाजारात जातो, आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेत अशा पर्यायी गुंतवणुकीलाही मर्यादित वाव आहे. उत्तर प्रदेशच्या वीज कर्मचाऱ्यांचा अनुभव तर ताजाच आहे. त्यांच्या फंडाचा पैसा २०१७ पासून डीएचएफएल या खासगी गृहकर्ज कंपनीत ठेवला गेला. २०१९ मध्ये ती बुडाली तेव्हा २,२०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम अडकली. कर्मचारी रस्त्यावर उतरले, तेव्हा राज्य सरकारला हमी द्यावी लागली.

म्हणून चार गोष्टी करा. फंडाचे पासबुक दर तिमाहीला पाहा, मालकाचा हिस्सा जमा होतो की नाही ते तपासा. वारसाचे नाव नोंदवा. कंपनीचा स्वतःचा ट्रस्ट असेल तर पैसा कुठे ठेवला आहे, हे युनियनमार्फत लेखी विचारा. ट्रस्टवर कामगारांचे प्रतिनिधी असतात, ते सह्यांपुरते राहू नयेत. आणि जादा परताव्याची योजना घेऊन कुणी दारात आला, तर तीनच प्रश्न विचारा: पैसा हवा तेव्हा मिळेल का, किंमत कोण ठरवणार, तुम्हाला किती मिळणार? हे प्रश्न घरातल्या बाईनेही विचारावेत. संसाराचा हिशेब तिच्याइतका कुणाला कळतो?

उत्तर सरळ मिळाले नाही, तर सही करू नका.