कोषातून फुलपाखरू आलंच नाही

रबाळ्याच्या आमच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे. पावसाळ्यात तिच्यावर लिंबू फुलपाखराच्या अळ्या येतात. यंदा एका अळीने तिथेच फांदीला कोष केला. धाकटी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी तो बघायची. मग एके दिवशी कोष काळपट पडला, त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं आणि आतून फुलपाखराऐवजी हिरवट चकाकीच्या, तिळाएवढ्या माश्या एकामागून एक निघाल्या. पोरगी रडायलाच लागली. अम्मी म्हणाल्या, "झाडावर फवारा मार."

म्हटलं, थांबा. तो कढीपत्ता रोज आपल्याच फोडणीत पडतो. आणि या आहेत कोण, हे तरी कळू दे.

या परोपजीवी गांधीलमाश्या. आपल्याला त्यांचा काही त्रास नाही. मादी नुकत्या झालेल्या मऊ कोषात अंडी घालते आणि पिल्लं तो आतून खातात. बहुधा ही टेरोमॅलस प्युपॅरम असावी; पण फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. मिशांचे सांधे, पंखांवरच्या शिरा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

हा नुसता नावाचा हट्ट नाही. उसाला शेतकरी ट्रायकोकार्ड लावतात. त्यातली ट्रायकोग्रामा माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर. सूरह बकरामध्ये मच्छराचा दाखला येतो. ही त्याहूनही कितीतरी बारीक! पूर्वी तिची जात रंगावरून ठरवत आणि रंग तर हवेच्या उष्णतेप्रमाणे बदलतो. त्यामुळे भारतातली सर्वांत सामान्य जात कित्येक वर्षं परक्या जातींच्या नावाने वावरली. 1960 नंतर बंगळूरला सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी नराची जननेंद्रियं काचपट्टीवर तपासून हा घोळ निस्तरायला घेतला. आज खोडकिडीसाठी चिलोनिस, शेंडेकिडीसाठी जपोनिकम अशी शिफारस असते. दोघी दिसायला सारख्याच. अदलाबदल झाली की कार्डाचे पैसे पाण्यात जायची भीती.

धाकटीने मेलेल्या माश्या आणि रिकामा कोष बाटलीत ठेवला. चिठ्ठीवर लिहायला लावलं: कढीपत्ता, लिंबू फुलपाखराचा कोष, रबाळे, तारीख. ओळखणाऱ्याला माशीइतकीच ही चिठ्ठी लागते. माशी कशातून निघाली हे कळलं तर शोध बराच सोपा होतो.

कुंडीवर पुन्हा दोन अळ्या आहेत. एकीच्या फांदीला धाकटीने जुन्या मलमलच्या ओढणीची पिशवी बांधलीय, दुसरी उघडीच ठेवलीय. फवाऱ्याची बाटली अजून अम्मींच्या कपाटात आहे.