पाळणे वाढले नाहीत, तिरड्या कमी झाल्या

खानदेशात माणसं फार झाली, याबद्दल आता कुणी पुरावा मागत नाही. भाषणाची सुरुवातच तिथून होते. आमच्या सावदा-फैजपूरकडचे एक बहुश्रुत गृहस्थ गेली काही वर्षं जे व्यासपीठ मिळेल त्यावरून हेच सांगत आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी जळगाव जिल्हा आटोपशीर होता, माणसं संयमी आणि खाऊनपिऊन सुखी होती, मग अडाण्यांनी पोरांची रांग लावली, बाहेरून लोंढे आले आणि पाणी, नोकऱ्या, शिस्त सगळ्याचीच वाट लागली. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत सहा-सात भावंडांत वाढलेलेच जास्त असतात. आपण त्या रांगेत कितवे, हे त्यांतला एकही स्वतःला विचारत नाही.

मी हे सगळं खोटं मानतो, आणि निव्वळ खोटं नव्हे, कृतघ्नपणाचं मानतो.

आधी तो आटोपशीर, सुखी खानदेश पाहू. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला, तेव्हा बुऱ्हाणपूरसह हा मुलूख भरभराटीला आलेला होता. पुढे तीसच वर्षांनी, 1630 ते 1632 च्या दुष्काळाने गुजरात, खानदेश आणि दख्खन उजाड करून टाकले. त्यातून सावरलेला प्रदेश 1802-03 च्या सुमारास होळकरी धामधुमीत आणि पाठोपाठच्या दुष्काळात पुन्हा मोडला. वर पेंढारी होतेच. 1818 मध्ये इंग्रजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा शेकडो गावं ओस होती आणि शेतात झाडोरा माजला होता. सवलतीच्या साऱ्यावर पडीत जमिनी देऊन माणसं बोलावून आणावी लागली. ज्याला आमचे गृहस्थ आटोपशीरपणा म्हणतात, तो हा. तिथे संयम कुणी पाळला नव्हता. पाळायला माणूसच उरला नव्हता.

आणि सुख? 1852 मध्ये सरकारी मोजणीदार जमीन मोजायला आले, तेव्हा आमच्या सावद्यात दहा ते पंधरा हजार रयत जमली. मोजणी म्हणजे सारावाढ, हे ती ओळखून होती. पायदळाची तुकडी येऊन म्होरके पकडेपर्यंत लोक हटले नाहीत. त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने, 1901 मध्येही सावद्याची वस्ती नऊ हजारांच्या आतच होती. अशा गावात इतका जमाव जमतो, म्हणजे आजूबाजूची गावंच्या गावं उठून आली होती. सुखी माणसं अशी उठून येत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. लोक जास्त पोरं काढू लागले म्हणून लोकसंख्या वाढली, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोतवाल बुक पाहावं. गाव नमुना चौदा, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद. आज जात पडताळणीसाठी पणजोबाचा दाखला शोधत लोक तहसिलीत जातात, मोडी वाचणारा गाठतात, आपल्याला हवी ती ओळ सापडली की नक्कल घेऊन निघून येतात. त्या ओळीच्या वरखाली काय आहे ते कुणी वाचत नाही. तिथे अमक्यास मुलगा झाला, तमक्यास मुलगी झाली अशा नोंदी आहेत. पुष्कळदा त्या लेकरांना नावही नाही, कारण नाव ठेवण्याआधीच नोंद झालेली. चार पानं उलटली की मयतांचा रकाना लागतो: ताप, देवी, पटकी, हगवण, पुन्हा ताप. वय सहा महिने, वय दोन वर्षं, वय चार वर्षं. तीच आडनावं, तेच बाप. एका बाईच्या सात बाळंतपणांतली दोन-तीन लेकरं हाताशी लागत. बाकीची या रकान्यात आहेत.

जुन्या सातबाऱ्यावरची नावं बघा: धुडकू, उखर्डू, दगडू, भिका, नथ्थू. पाठची-पुढची गेली म्हणून वाचलेल्या पोराला दृष्ट लागू नये, मरणाला ते नको वाटावं, अशी ही नावं आहेत. आजही गावोगावी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मरीमातेच्या बारागाड्या ओढल्या जातात. आज तो उत्सव आहे. आमच्या पणज्यांच्या काळी ती पटकीच्या देवीपुढची गयावया होती. ज्या समाजाने पोरांना उकिरड्याची नावं दिली, त्याच्यावर पोरं काढण्याचा आरोप करायला फार मोठं अज्ञान लागतं.

शिरगणतीचे आकडे हेच सांगतात. 1872 मध्ये अखंड खानदेश जिल्ह्यात दहा लाखांच्या थोडी वर माणसं होती. 1881 मध्ये ती सव्वाबारा लाखांच्या आसपास गेली. त्याआधीच रेल्वे आली होती, कापसाला अमेरिकेतल्या यादवीमुळे सोन्याचा भाव येऊन गेला होता, भुसावळ, जळगाव उभी राहत होती. 1891 ला आणखी वाढ. आणि 1901 ला? वाढ सोडाच, संख्या मागे येऊन सव्वाचौदा लाखांवर थांबली. 1896-97 चा दुष्काळ, मग 1899-1900 चा छपन्नचा दुष्काळ, सोबत प्लेग. त्या दशकात खानदेशातल्या बायकांना कमी मुलं झाली म्हणून आकडा खाली आला, असं आमचे गृहस्थ म्हणणार आहेत का? पुढे 1918 च्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाखा झोडपला, आणि 1921 मध्ये देशाची लोकसंख्या 1911 पेक्षाही कमी भरली.

त्या काळात देशात हजारी चाळीसच्या वर जन्म होते आणि जवळपास तितकेच मृत्यू. 2011 च्या सुमारास महाराष्ट्रात जन्म हजारी सोळा-सतरा आणि मृत्यू सहाच्या आसपास. म्हणजे पाळणा निम्म्याहून खाली आला, तरी माणसं वाढली. याचा दुसरा अर्थ लागतच नाही: मरण मागे हटलं. ते आपोआप हटलं नाही. देवीची लस टोचणाऱ्यांनी ते हटवलं. 1975 नंतर या देशात देवीचा रोगी सापडला नाही. 1953 पासून घरोघर डीडीटी फवारून दारामागे तारीख लिहून जाणाऱ्या मलेरियावाल्यांनी ते हटवलं. विहिरीत औषध टाकणाऱ्यांनी, टाके घालणाऱ्या नर्सबाईंनी, साखर-मिठाचं पाणी पाजायला शिकवणाऱ्यांनी ते हटवलं. या माणसांचे पुतळे कुठल्याही चौकात नाहीत, पण 1961 चे साडेसतरा लाख जळगावकर 2011 पर्यंत बेचाळीस लाखांवर गेले, ते त्यांच्यामुळे. ही वाढ खानदेशाने कमावलेली आहे.

बाकीचे मुद्दे लवकर संपतात.

बाहेरचे लोंढे: या मातीत बाहेरून न आलेलं कोण आहे, हे आधी सांगावं. गुजरातेतून आलेले, निमाडातून, वऱ्हाडातून आलेले, सगळ्यांना इथल्या पडीत जमिनीनेच घर दिलं. आज सातपुड्यापलीकडून येणारा बारेला-पावरा मजूर केळीचे घड खांद्यावर वाहून ट्रकपर्यंत आणतो. तो आला नाही तर बाग कापली जाणार नाही, हे व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. आणि सुरतेच्या लिंबायत-उधन्यात राहणारे आपले खानदेशी तिथल्यांच्या लेखी लोंढेच आहेत, हेही त्यांनी एकदा जाऊन बघावं.

पाणी: रावेर-यावलचं भूजल माणसांनी घागरींनी उपसलेलं नाही. ते केळीच्या मृगबागेने आणि कांदेबागेने प्यायलं आहे, दर हंगामात खोल जाणाऱ्या कूपनलिकांतून. सावद्याची लोकसंख्या 2001 मध्ये एकोणीस हजारांच्या वर होती आणि 2011 मध्ये वीस हजारांच्या वर. दहा वर्षांत हजार-बाराशे माणसं वाढली, तेवढ्याने पाणी पाताळात जात नाही.

वाढ थांबतच नाही, हाही एक जुना पाढा. आणीबाणीत याच भीतीपोटी माणसांना पकडून शस्त्रक्रिया झाल्या, आणि तेव्हाही सुशिक्षितांनी मान डोलावली होती. तो वाद मला पुन्हा घालायचा नाही, आकडा सांगतो. जळगाव जिल्ह्याची वाढ 1971 ते 81 या दशकात तेवीस टक्क्यांवर होती; 2001 ते 11 मध्ये ती पंधराच्या खाली आली. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रात दर बाईमागे सरासरी 1.7 मुलं आढळली, म्हणजे आईबापांची जागा भरायलाही अपुरी. रांग लावणारे अडाणी कुठे आहेत?

मग काळजीचं काही नाहीच का? आहे, आणि गृहस्थांच्या भाषणात त्याचा उल्लेख नसतो. 2011 मध्ये जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या 842. त्याच्या दहा वर्षं आधी हाच आकडा 880 होता. पूर्वी देवी आणि पटकी मुलगा-मुलगी न बघता नेत होत्या. मरण मागे हटल्यावर आपण हातात यंत्र घेऊन मुलगी वेचून काढली, आणि हे काम झोपडीतल्या मजुराने एकट्याने केलेलं नाही. सोनोग्राफीचे पैसे ज्याच्याकडे होते त्यानेही केलं. आज लग्नाला मुलगी मिळत नाही म्हणून बागायतदारांच्या घरांत चाळिशीला आलेले मुलगे आहेत. त्या घरांना विचारा, माणसं जास्त झाली की कमी.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. लोकसंख्येचा इतिहास म्हणजे किती जन्मले याचा हिशेब नव्हे, किती जगले याचा आहे, आणि त्या हिशेबात खानदेशाने शंभर-सव्वाशे वर्षांत मोठं काम केलं आहे. ते शाळेत शिकवलं पाहिजे. तहसिलीतली कोतवाल बुकं वाळवीच्या आधी नीट जतन करून, मोडी वाचणाऱ्यांकडून उतरवून घेतली पाहिजेत. निव्वळ जातीच्या दाखल्यापुरती नव्हे. 2021 ची जनगणना झालीच नाही. आता मोजणी होईल तेव्हा जिल्ह्याच्या एकूण आकड्यावर भाषणं ठोकण्याआधी प्रत्येक गावाने आपल्याकडच्या सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली किती, हा आकडा पंचायतीच्या फळ्यावर लावावा. तो हजाराच्या जवळ गेला तर खानदेशाने जगवण्याचं काम पुढे नेलं असं म्हणता येईल. तो आणखी खाली गेला, तर गर्दीची तक्रार करण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नाही.