ताटासमोरचे भय

नात सुट्टीत घरी आली की आपली नजर प्रथम तिच्या अंगाकडे जाते. ‘किती वाळलीस ग!’ नाही तर ‘चांगली भरलीस हो!’ हे उद्गार दारातच निघतात. दोन्ही मायेचेच, मीही ते काढले आहेत. पण जी मुलगी मनातल्या मनात आपल्या देहाचा हिशेब मांडत असते, तिला त्यातली माया ऐकू येत नाही.

पोळीचे तुकडे ताटात फिरवत बसणे, ‘मैत्रिणीकडे खाऊन आले’ हे नित्याचे उत्तर, उकाड्यातही सैल पूर्ण बाह्यांचे कपडे, गार हात, थांबलेली पाळी हे सारे दिसले तर तिला हट्टी म्हणू नका. ते भय असते. पुष्कळदा मूळचा स्वभावच चिंताग्रस्त असतो आणि अन्नावरचा ताबा हा त्यावरचा उतारा वाटू लागतो. पुढे उपासमारच चिंता वाढवते. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. तेही खिन्न, चिडखोर झाले आणि सदैव अन्नाचाच विचार करू लागले.

मग घरात दोष कोणाचा, हा खटला उभा राहतो. या विकाराला ‘अनोरेक्सिया नर्व्होझा’ हे नाव देणारे एकोणिसाव्या शतकातील लंडनचे डॉक्टर विल्यम गल हे नातेवाइकांनाच सर्वांत वाईट शुश्रूषक मानत. शंभरेक वर्षांनी त्याच शहरातील मॉडस्ली रुग्णालयात नेमके उलट घडले. आईवडिलांना दोषी न ठरवता प्रत्येक जेवणाची सूत्रे त्यांच्या हाती सोपवली गेली. किशोरवयीन रुग्णांसाठी आज बहुधा हीच पद्धत प्रथम सुचवतात.

यात आपले स्थान नाजूक आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने सून मुलीशेजारी तासभर बसून राहते, ताट संपेपर्यंत उठत नाही. अशा वेळी ‘राहू दे ग, रडते आहे बिचारी’ म्हणत आपण ताट उचलले, तर त्या जेवणापुरता आजार जिंकतो. दोघींजवळ बसा, परीक्षेविषयी, शेजारच्या मांजरीविषयी, कशाहीविषयी बोला. वजनाचा विषय तेवढा नको.

चक्कर येणे, छातीत धडधडणे किंवा पाणीही नाकारणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी शासनाची ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे. आणि हो, हा विकार नातवालाही होऊ शकतो. त्याच्याकडे लक्ष मात्र उशिरा जाते.