‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणजे नेमकं काय? सांगलीच्या ‘खरं’शी त्याचं नातं कसं?

साताऱ्यातला कॉलेजचा कट्टा असो की सांगलीतल्या बँकेचं काउंटर, ‘अ‍ॅक्च्युअली’ हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. तो आला कुठून आणि वाक्यात करतो काय?

अर्थ आणि वापर
‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणजे प्रत्यक्षात, वास्तविक, खरं तर. ‘पाटीवर दहाची वेळ आहे, अ‍ॅक्च्युअली दुकान अकराला उघडतं,’ इथे तो वस्तुस्थिती सांगतो. ‘अ‍ॅक्च्युअली, मला उद्या जमणार नाही,’ इथे मात्र तो नकार मऊ करतो. समोरच्याला वाटतंय तसं होणार नाही, याची ती आगाऊ सूचना असते.

शब्दाचा प्रवास
लॅटिनमध्ये ‘आगेरे’ म्हणजे करणे आणि ‘आक्टुस’ म्हणजे कृती. तिथून फ्रेंचमार्गे ‘अ‍ॅक्च्युअल’ इंग्रजीत आला आणि 15 व्या शतकात त्याचं ‘अ‍ॅक्च्युअली’ हे क्रियाविशेषण रुळलं. आधी ‘कृतीने’, मग ‘प्रत्यक्षात’ आणि पुढे ‘तुम्हाला वाटतं तसं नाही’ असा अर्थ सरकत गेला. फ्रेंचमध्ये मात्र याच शब्दाचं भावंड आज ‘सध्या’ या अर्थाने वापरतात.

आपलं ‘खरं’
सांगली, मिरज, कोल्हापूरकडे ‘मी येणार होतो, खरं पाऊस आला,’ असं सर्रास बोलतात. इथे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. सत्य सांगणारा शब्द अपेक्षा मोडणारा शब्द झाला. म्हणजे ‘अ‍ॅक्च्युअली’ गेला त्याच वाटेने!

तरीही एक शब्द स्मार्ट ठरतो आणि दुसरा गावंढळ. पुण्या-मुंबईत गेलेल्या पोरांची ‘खरं’वरून चेष्टा होते. मग मुलाखतीत ती हा शब्द गिळतात आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ने सुरुवात करतात. 2008 मध्ये सांगलीत आणि जानेवारी 2026 मध्ये साताऱ्यात साहित्य संमेलन भरलं. मराठीचा अभिमान इथे कमी नाही. पण तो अभिमान घरच्या बोलीपर्यंत पोहोचला नाही, तर फक्त मांडवापुरता उरतो.

शब्दाची प्रतिष्ठा त्याच्या अर्थावर नव्हे, तो कोण बोलतं यावर ठरते. बोलणारे संकोचले की शब्दही मागे पडतो. ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणायला कुणाची हरकत नाही, खरं ‘खरं’ म्हणायला लाज कशाला?