भुकटीची चौकशी, पाण्याकडे दुर्लक्ष

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात, के. आर. रुग्णालयाच्या परिसरात, इंजेक्शनच्या कुप्या घेऊन लगबगीने जाणारे नातेवाईक मला नेहमी दिसतात. कुपीचे नाव, किंमत, मुदत ते निरखून पाहतात. सोबतच्या पाण्याच्या इवल्या अ‍ॅम्प्यूलकडे कोणी पाहत नाही. आपल्या औषध-धोरणाची दृष्टीही याहून वेगळी नाही.

अनेक प्रतिजैविके व लसी द्रवरूपात फार काळ टिकत नाहीत. म्हणून त्या भुकटीच्या रूपात येतात आणि टोचण्यापूर्वी द्रावकात मिसळल्या जातात. प्रत्येकीचे द्रावक ठरलेले असते. गोवर-रुबेला लसीला निर्जंतुक पाणी लागते, बीसीजीला सलाइन. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन स्नायूत देताना वेदना कमी व्हाव्यात म्हणून लिग्नोकेनमध्ये कालवतात. तेच मिश्रण शिरेतून देणे घातक ठरू शकते.

जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेला लसीकरणानंतर तीन बालके दगावली. साठवणुकीतील हलगर्जीचा ठपका ठेवून कर्मचारी निलंबित झाले. मिसळलेली ही लस चार तासांत संपवावी वा टाकून द्यावी, असा नियम आहे. कारण त्यानंतर कुपीत जंतू वाढण्याचा धोका असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर मातांचे मृत्यू झाले, तेव्हा संशयाची सुई रिंगर लॅक्टेटच्या पुरवठ्याकडे वळली.

निलंबनाने प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांनी सामोआचे उदाहरण पाहावे. तेथे २०१८ मध्ये लसीत पाण्याऐवजी भूल देताना वापरायचे स्नायूशिथिलक मिसळले गेले आणि दोन अर्भके मृत्यू पावली. परिचारिकांना शिक्षा झाली. परंतु लसीकरण काही महिने थांबले, लोकांचा विश्वास उडाला आणि २०१९ च्या गोवराच्या साथीत ८३ जणांचा बळी गेला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : लस आणि तिचे द्रावक एकाच नोंदवहीत, समान संख्येने यावे, कुपीवर मिसळल्याची वेळ लिहिली जावी, भुलीची औषधे लसीच्या शीतकपाटात ठेवण्यास सक्त मनाई असावी, आणि केसपेपरवर औषधाबरोबर द्रावकाचाही बॅच क्रमांक नोंदवला जावा. यामुळे परिचारिकेचे काम वाढेल, हा आक्षेप रास्त आहे; त्यावर उत्तर मनुष्यबळ वाढवणे हे आहे, नोंद टाळणे नव्हे. शिरेत जाणारा प्रत्येक थेंब औषधच असतो, हे धोरणकर्त्यांनी आता मान्य करावे.